नाताळचा एक दिवस : ‘मॅश’ मालिकेतील गुप्तदान

साप्ताहिक दूरचित्रवाणी मालिका ही पंचांगाशी बांधलेली कला आहे. ज्या आठवड्यात प्रेक्षकांच्या घरी सण असतो, त्याच आठवड्यात पडद्यावरील माणसांच्या घरीही तो यावा, अशी अपेक्षा असते. अमेरिकेत डिसेंबर महिन्यात नाताळाशी निगडित भाग सादर करण्याची प्रथा याच अपेक्षेतून रूढ झाली. अशा भागांची घडण साधारणतः ठरलेली असते. आरंभी सणावर काही सावट येते, मध्यंतरी माणसे परस्परांना दुरावतात आणि अखेरीस एखादा लहानसा चमत्कार घडून सर्वजण पुन्हा एकत्र येतात.

रुग्णालयात घडणाऱ्या विनोदी मालिकेपुढे मात्र येथे एक अडचण उभी राहते. रुग्णालयाला सुट्टी नसते, आणि मृत्यूही सणवार पाहून येत नाही. चमत्कार दाखवावा तर रुग्णालयाचे चित्र खोटे ठरते. मृत्यू दाखवावा तर सण उरत नाही. ‘मॅश’ या मालिकेचा १५ डिसेंबर १९८० रोजी प्रक्षेपित झालेला ‘डेथ टेक्स ए हॉलिडे’ हा भाग या अडचणीला कसा सामोरा जातो, हे अभ्यासण्याजोगे आहे.

मालिकेची पार्श्वभूमी

कोरियातील युद्ध २५ जून १९५० रोजी सुरू झाले आणि २७ जुलै १९५३ च्या युद्धविराम कराराने थांबले. या युद्धात अमेरिकी सैन्याने आघाडीच्या जवळ तंबूंतून चालणारी फिरती शल्य रुग्णालये उभारली. ‘मोबाईल आर्मी सर्जिकल हॉस्पिटल’ या त्यांच्या नावातील आद्याक्षरांवरूनच ‘मॅश’ हा शब्द तयार झाला. जखमी सैनिकाला हेलिकॉप्टरने अथवा मोटारीने त्वरेने शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत आणणे, हे या व्यवस्थेचे मर्म होते. दुसऱ्या महायुद्धात रुग्णालयात पोहोचलेल्या अमेरिकी जखमींपैकी शेकडा सुमारे साडेचार मृत्यू पावत. कोरियात हे प्रमाण शेकडा सुमारे अडीचवर आले. याच युद्धात भारतानेही लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली ६० वे पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठविले होते, याचे भारतीय वाचकाला स्मरण असावे.

अशाच एका रुग्णालयात काम केलेल्या शल्यचिकित्सकाने रिचर्ड हूकर या टोपणनावाने १९६८ साली एक विनोदी कादंबरी प्रसिद्ध केली. १९७० साली रॉबर्ट ऑल्टमन यांनी तिच्यावर चित्रपट काढला. त्यानंतर लॅरी गेल्बार्ट व जीन रेनॉल्ड्स यांनी घडविलेली मालिका सी.बी.एस. या वाहिनीवर १७ सप्टेंबर १९७२ पासून २८ फेब्रुवारी १९८३ पर्यंत चालली. तिचा अखेरचा भाग सुमारे १० कोटी ६० लाख प्रेक्षकांनी पाहिला. तीन वर्षांचे युद्ध मालिकेत अकरा वर्षे चालले. प्रत्यक्ष युद्धात नाताळ तीनदाच आला. मालिकेत तो त्याहून अधिक वेळा साजरा झाला.

१९७२ सालच्या ‘डियर डॅड’ या भागातही नाताळ होता. त्यात सांताक्लॉजचा वेष केलेल्या डॉक्टर हॉकआय पियर्सला हेलिकॉप्टरमधून आघाडीवरील जखमीजवळ उतरविले जाते. लाल झग्यातील माणूस गोळीबाराच्या प्रदेशात उतरतो, या विसंगतीतच त्या भागाचा विनोद आणि त्याची व्यथा सामावलेली आहे. आठ वर्षांनंतरच्या भागात असा ठळक देखावा नाही. तेथे सारे काही दबक्या आवाजात घडते.

दोन कथा

या भागाचे दिग्दर्शन माईक फॅरेल यांनी केले. डॉक्टर बी. जे. हनिकट यांची भूमिकाही तेच करीत, आणि लेखकांमध्येही त्यांचा समावेश होता. भागाचे नाव एका जुन्या इटालियन नाटकावरून निघालेल्या १९३४ सालच्या चित्रपटाचे आहे. त्या चित्रपटात मृत्यू स्वतः मनुष्यरूप घेऊन काही दिवसांची सुट्टी घेतो. येथे मृत्यू सुट्टी घेत नाही. माणसेच त्याला ती घ्यावयास लावू पाहतात.

नाताळचा दिवस आहे. लढाई एका दिवसापुरती थांबली आहे आणि छावणीत जवळच्या अनाथालयातील कोरियन मुलांसाठी मेजवानीची सिद्धता चालू आहे. घरून आलेल्या खाऊतून ज्याने त्याने काही द्यावे, असे ठरते. बॉस्टनच्या एका धनाढ्य घराण्यातील मेजर चार्ल्स विंचेस्टर यांच्याकडे भरपूर खाऊ असूनही ते अगदी थोडे देतात, आणि सर्वांच्या दृष्टीने कृपण ठरतात. याच वेळी एक मरणासन्न अमेरिकी सैनिक आणला जातो. तो वाचणार नाही, हे डॉक्टरांना दिसतेच. परंतु त्याच्याजवळ त्याच्या कुटुंबाचे छायाचित्र सापडते, आणि हनिकट हट्टाला पेटतात. या मुलांच्या आयुष्यात नाताळ हा वडिलांच्या मृत्यूचा दिवस होऊ द्यावयाचा नाही, एवढाच त्यांचा आग्रह असतो. हनिकट स्वतः एका तान्ह्या मुलीला मायदेशी सोडून आलेले आहेत, हे नित्याच्या प्रेक्षकाला ठाऊक असते; त्यामुळे या आग्रहाला वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. पियर्स आणि मुख्य परिचारिका मार्गारेट हूलिहान त्यांना साथ देतात. बाहेर मेजवानी रंगते आणि आत ही तिघे मध्यरात्रीपर्यंत एका श्वासासाठी झगडत राहतात.

त्यांना यश येत नाही. मध्यरात्रीला थोडा अवधी उरला असतानाच सैनिक प्राण सोडतो. पियर्स भिंतीवरील घड्याळाचे काटे पुढे सरकवितात, आणि मृत्यूची नोंद २६ डिसेंबरची होते.

नोंदीचा प्रश्न

वैद्यकीय नोंद ही रुग्णालयाच्या विश्वासार्हतेचा पाया असते. सैन्य, कायदा आणि कुटुंब या तिघांनाही तिच्यावर विसंबावे लागते. म्हणून काटा फिरविण्याची ती कृती केवळ हृद्य म्हणून सोडून देता येत नाही. शिवाय आणखी एक प्रश्न उरतो : ज्याला वाचविणे शक्य नाही, त्याचे प्राण दुसऱ्या कोणासाठी काही तास अडवून धरणे कितपत योग्य? त्या सैनिकाला त्याचा कोणताच लाभ नव्हता.

या प्रश्नांची उत्तरे भागात कोणी भाषण करून देत नाही. कथेच्या क्रमात मात्र एक उत्तर सुचविलेले आहे. घड्याळाचा काटा कथेच्या आरंभीही फिरविता आला असता. तसे केले असते तर ती एक सोयीची लबाडी ठरली असती. तिघांनी आधी आपला सगळा सण, सगळे कौशल्य आणि सगळी शक्ती खर्च केली, व ती अपुरी पडल्यानंतरच खोट्याचा आश्रय घेतला. त्या खोट्यातून त्यांना स्वतःला काही मिळावयाचे नव्हते. उलट ते आयुष्यभर मनात वागवावयाचे होते. नियमभंग तो नियमभंगच राहतो. मात्र त्याची किंमत ज्यांनी मोजली तेच तो करतात, म्हणून प्रेक्षक त्यांच्याबरोबर उभा राहतो.

मिठाई आणि तांदूळ

दुसरी कथा विंचेस्टर यांची आहे. कृपण ठरलेल्या या गृहस्थांनी प्रत्यक्षात आपल्या घराण्याची एक जुनी रीत पाळलेली असते. नाताळात गरजूंच्या दारी गुपचूप मिठाई ठेवून यावयाचे आणि आपले नाव कोणासही कळू द्यावयाचे नाही, अशी ती रीत. बॉस्टनहून आलेली उंची चॉकलेटे ते अनाथालयात पोहोचवितात आणि तेथील चालक चोई सुंग-हो यांच्याकडून मौनाचे वचन घेतात. परंतु लवकरच तीच चॉकलेटे काळ्या बाजारात विकली गेल्याचे त्यांना कळते. मुलांच्या तोंडचा घास चोरल्याचा आरोप करीत ते संतापाने चोई यांना जाब विचारतात. चोई शांतपणे सांगतात की, त्या चॉकलेटांच्या पैशातून महिनाभर पुरेल इतका तांदूळ व कोबी मिळाला. ज्या मुलाला जेवणच नाही, त्याला जेवणानंतरचा गोड पदार्थ कसा द्यावयाचा?

विंचेस्टर यांचा राग क्षणात मावळतो आणि क्षमा मागण्याची पाळी त्यांच्यावर येते. त्यांचे दान गुप्त होते, निरपेक्ष होते, उदारही होते. पण ते देताना त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचे स्वतःचे बालपण होते. समोरची मुले नव्हती. या हाताचे त्या हाताला कळू नये, हे गुप्तदानाचे लक्षण आपल्याकडेही मानले जाते. घेणाऱ्याने देणाऱ्याला ओळखू नये, एवढे त्यात येते. देणाऱ्याने घेणाऱ्याला ओळखलेच पाहिजे, ही त्याची दुसरी बाजू मात्र सहसा बोलली जात नाही. ती येथे एक निर्धन कोरियन गृहस्थ एका श्रीमंत डॉक्टरांना शिकवितो, आणि तेही त्यांचा मान राखून.

हे संभाषण क्लिंगर या हुद्द्याने कनिष्ठ असलेल्या कारकुनाच्या कानी पडते. दिवसभर ज्याने मेजरसाहेबांना कृपण म्हटले, तोच रात्री मेजवानीतून उरलेल्या अन्नाचे ताट त्यांच्या तंबूत नेऊन ठेवतो. हे कोणी पाठविले ते कळता कामा नये, अशी अट घालून तो त्यांचीच रीत त्यांना परत करतो. निरोप घेताना दोघे परस्परांना केवळ पहिल्या नावाने संबोधतात. मेजर आणि शिपाई यांच्यात एरवी असे घडत नाही. छावणीतील इतर माणसे मात्र विंचेस्टर यांना कृपणच समजत राहतात.

हशा आणि शांतता

अमेरिकन विनोदी मालिकांत त्या काळी ध्वनिमुद्रित हशा जोडीत असत. गेल्बार्ट यांचा त्याला विरोध होता. वाहिनीचा आग्रह होता. अखेर तडजोड झाली ती अशी की, शस्त्रक्रियेच्या दृश्यांत हशा नसावा. ब्रिटनमध्ये बी.बी.सी.ने तर ही मालिका हशाविनाच दाखविली. या तडजोडीमुळे मालिकेला एक शिस्त लागली : जेथे देह उघडा आहे, तेथे प्रेक्षकाने केव्हा हसावे हे कोणी ठरवून देणार नाही. विनोद तेथेही चालूच राहतो, परंतु तो माणसांनी स्वतःला सावरण्यासाठी केलेला विनोद असतो.

या भागात मेजवानी आणि मृत्युशय्या एकाआड एक येत राहतात. दोहोंना जोडणारा धागा दानाचा आहे. सैनिकाच्या मुलांना एक तारीख मिळाली, अनाथ मुलांना तांदूळ मिळाला आणि विंचेस्टर यांना एक ताट मिळाले. पहिल्या दोन दानांतील देणारे घेणाऱ्यांना कधीच कळणार नाहीत. सणाच्या भागात प्रेक्षकाला अपेक्षित असलेला चमत्कार येथे घडत नाही. सैनिक मरतोच, युद्ध थांबत नाही आणि महिन्यानंतर तांदूळ पुन्हा संपणार असतो. माणसाच्या हाती जेवढे होते तेवढे मात्र त्या रात्री दिले गेले.