सील बदलण्याआधी: जुन्या जिप्सीच्या मागच्या ॲक्सलबद्दल अनुभवाचे बोल

जिप्सी बाजारात आली १९८५ साली, सुझुकीच्या एसजे ४१० चा लांब अवतार म्हणून. पुढं १.३ लिटरची किंग आली. पोलीस, लष्कर, वनखातं सगळ्यांनी ती पळवली, पण मागची बाजू साधीच राहिली: अखंड हाऊसिंग, पाटे, ड्रम ब्रेक. त्या साधेपणामुळंच माझ्यासारखा माणूस घरच्या अंगणात तिचा ॲक्सल उघडायचं धाडस करतो. आता जुन्या झालेल्या या गाड्यांना एक रोग हमखास जडतो, मागच्या चाकातून तेल गळण्याचा. कोल्हापूरच्या पावसात आणि गगनबावड्याच्या चढ-उतारात गाडी वापरून जे कळलं, ते इथं लिहितोय.

१. आधी तेल ओळखा. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर ओले ओघळ दिसले की लोक लगेच म्हणतात, "सील गेलं." पण तिथं दोन वेगळ्या वस्तू गळू शकतात. डिफचं, म्हणजे डिफरन्शिअलचं, गिअर ऑइल जाड असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. ब्रेक ऑइल पातळ, बोटाला फारसं चिकटत नाही, आणि रंगावर पडलं तर रंगच सोलून काढतं. ब्रेक ऑइल असेल तर दोष व्हील सिलिंडरचा, ॲक्सलला हात लावायचं कारण नाही. खात्री होत नसेल तर सगळं डिझेलनं पुसून कोरडं करा, वर टाल्कम पावडर भुरभुरा आणि गाडी थोडी फिरवून आणा. ओली रेघ कुठून सुरू होते ते पावडरवर स्वच्छ उमटतं.

२. ब्रीदर बघितल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. हाऊसिंगच्या माथ्यावर एक बारीक टोपीसारखा ब्रीदर असतो. गाडी चालली की डिफ तापतो, आतली हवा फुगते, ती इथून बाहेर पडते. लाल मातीनं ही टोपी बुजली की हवेला वाट राहत नाही आणि ती तेलाला सीलच्या ओठावरून बाहेर ढकलते. लांबून आल्यावर फिलर प्लग हळूच सैल केला आणि "फस्स" आवाज आला, तर निदान झालंच म्हणा. उलटंही होतं. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आक्रसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. मग तेल चहासारखं दुधाळ निघतं. मी ब्रीदरला रबरी नळी लावून ती वर चॅसिसला बांधून ठेवली आहे. पावसाळ्यात गाडी रस्त्याखाली उतरवणाऱ्या प्रत्येकानं हे करावं, असं माझं ठाम मत आहे.

३. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी, असं नसतं. मागच्या डिफमध्ये सुमारे दीड लिटर तेल मावतं, जीएल-५ दर्जाचं ८०डब्ल्यू-९०. सपाट जागेवर गाडी उभी करून फिलरच्या भोकाच्या काठाला तेल लागलं की थांबायचं. सर्व्हिसिंगमध्ये गाडी एका बाजूनं उचलून तेल भरलं की पातळी चुकते आणि जादा तेल ॲक्सलच्या नळीतून चाकाकडं जातं. आणखी एक: काढताना आधी वरचा फिलर उघडा, मगच खालचा ड्रेन. फिलर गंजून जाम झाला असेल आणि खालून तेल सगळं काढून टाकलं असेल, तर गाडी जागच्या जागी अडकली.

४. सील बिचारं शेवटचं दोषी असतं. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण सगळी फसगत इथंच होते. या ॲक्सलचा शाफ्ट सेमी-फ्लोटिंग आहे. म्हणजे चाकाचं वजनही तोच पेलतो आणि त्याला बाहेरच्या टोकाला एकच बेअरिंग सांभाळतं. बेअरिंग झिजलं की शाफ्ट वर-खाली हलायला लागतो. रबराचा ओठ शाफ्टच्या नाचण्याच्या मागं किती धावणार? नवं सील घातलं की महिनाभर कोरडं, मग पुन्हा तेच. शिवाजी उद्यमनगरात एका मिस्त्रींनी चाक जॅकवर घेतलं, वरून-खालून धरून हलवलं आणि एवढंच म्हणाले, "सीलाला कशाला शिव्या देताय? शाफ्ट नाचायलाय बघा."

काम असं चालतं. चाकांना ठोकळे लावा, गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर घ्या. ड्रम निघत नसेल तर हातोडा मारू नका. ड्रमवरच आट्याची दोन भोकं असतात, त्यात ८ एमएमचे बोल्ट आळीपाळीनं पिळले की ड्रम आपोआप पुढं सरकतो. ब्रेक पाइपचा नट आणि हँडब्रेकची केबल सोडवा, मग बॅकिंग प्लेटचे चार नट. पाइपचा नट गंजलेला असतो, त्याला आदल्या रात्रीच गंजाचं तेल मारून ठेवावं. घाई केली की नट गोल होतो आणि अर्ध्या तासाचं काम अर्ध्या दिवसावर जातं. शाफ्ट ओढायला स्लाइड हॅमर नसेल तर ड्रमच उलटा करून व्हील नटांवर सैल अडकवायचा आणि झटके द्यायचे. दिसायला रांगडं, पण बेअरिंग बदलायचंच असेल तर चालतं.

बेअरिंग शाफ्टवर घट्ट दाबलेल्या एका रिंगनं अडवलेलं असतं. ती रिंग ग्राइंडरनं पातळ करायची आणि छन्नीच्या घावानं फोडायची. ग्राइंडर शाफ्टला लागता कामा नये. नवी रिंग प्रेसवरच बसवून घ्या आणि जुनी कधीही परत वापरू नका. कारण ती रिंगच शाफ्टला हाऊसिंगमध्ये धरून ठेवते. ती सरकली तर शाफ्टसकट चाक गाडीतून बाहेर येतं. पैसे वाचवायच्या जागा गाडीत पुष्कळ आहेत, ही त्यातली नव्हे.

५. सीलचा ओठ जिथं घासतो, तिथं नख फिरवून बघा. नख अडकलं तर तिथं खाच पडली आहे. बारीक पॉलिश पेपरनं गंज जाईल, खाच जाणार नाही. मग पातळ स्लीव्ह चढवावी लागते किंवा तो भाग बदलावा लागतो. सील बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडं, म्हणजे डिफकडं. योग्य मापाचा पाइपचा तुकडा धरून सगळीकडून सारखं ठोकावं, एका कडेला ठोकलं तर ते तिरकं बसतं. ओठाला ग्रीस लावा. आणि शाफ्ट आत घालताना त्याचं वजन हातावर तोला. स्प्लाइनचे दात ओठावर घासत गेले, तर नवं कोरं सील गाडी सुरू व्हायच्या आधीच फाटलेलं असतं. सीलवर माप छापलेलं असतं: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. दुकानात जाताना जुनं सील खिशात असू द्या आणि डुप्लिकेटच्या नादी लागू नका.

६. तेल प्यालेले ब्रेक शू धुऊन चालत नाहीत. पेट्रोलनं धुतात, कुणी जाळूनही देतात, वरून कोरडे दिसतात. करूळ घाट उतरताना ते तापले की मुरलेलं तेल पुन्हा पृष्ठभागावर येतं. शू दोन्ही चाकांचे एकदम बदला, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एकीकडं ओढते. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. पाइप सुटलाय म्हणजे ब्रेकची हवा काढणंही आलंच.

७. डिफच्या नाकातून, प्रॉपेलर शाफ्टच्या बाजूनं गळत असेल, तर ते पिनियनचं सील. पिनियनचा नट बेअरिंगचा ताणही ठरवतो, त्यामुळं इम्पॅक्ट गननं धडाधड आवळणाऱ्याच्या हाती ते काम देऊ नये. हे मी घरी करत नाही.

८. काम झाल्यावर थोडं चालवून आल्यावर दोन्ही ड्रमजवळ हात नेऊन बघा. एक जास्त तापला असेल तर शू घासतोय किंवा बेअरिंग नीट बसलेलं नाही. व्हील नट पुन्हा आवळा, तेलाची पातळी पुन्हा बघा. ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावरची बारीक काळी पेस्ट नेहमीचीच, पण लोखंडाचे तुकडे सापडले तर प्रकरण क्राऊन-पिनियनपर्यंत पोचलेलं आहे, आणि तिथं सील बदलून काही हाती लागणार नाही. काढलेलं तेल डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या, गटारात ओतू नका. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर ब्रीदरची नळी पुन्हा एकदा फुंकून बघायची, हे मी कॅलेंडरवर लिहूनच ठेवतो.