संकरित मोटारगाडीची लहान बॅटरी वारंवार कां उतरते ?

मोटारगाडी चालू करण्यासाठीं पूर्वीं तिच्यापुढें उभें राहून लोखंडी दांडा हातानें फिरवावा लागे. या श्रमाच्या व धोक्याच्या कामांतून मनुष्याची सुटका झाली ती चार्ल्स केटरिंग या अमेरिकन यंत्रज्ञामुळें. त्यानें सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांस बसविण्यांत आला, आणि तेव्हांपासून शिशाची बॅटरी ही मोटारीची नित्याची सोबतीण झाली. बॅटरी स्वतः त्याहूनही जुनी. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें ती १८५९ सालीं शोधून काढिली होती. पुढें पेट्रोल व वीज अशा दोन शक्तींवर चालणारी संकरित, म्हणजे हायब्रिड, गाडी निघाली. तींत एक मोठी बॅटरी आली. पण ही जुनी लहान बॅटरी कांहीं गेली नाहीं. ती मागें राहिली, व वारंवार उतरूं लागली.

टोयोटा कंपनीची प्रियस ही मोठ्या संख्येनें तयार झालेली पहिली संकरित गाडी डिसेंबर १९९७ मध्यें जपानांत विक्रीस आली. आपल्या देशांत २०२२ सालीं होंडा सिटी, मारुती ग्रँड व्हिटारा व टोयोटा हायरायडर यांचे संकरित प्रकार निघाल्यामुळें ही जात आतां आपल्याही परिचयाची झाली आहे. गाडी चांगली, पेट्रोल भरलेलें, मोठी बॅटरी भरलेली. आणि तरीही रात्रीं आजाऱ्यास दवाखान्यांत न्यावयाचें असतां कळ दाबावी तों गाडी निश्चेष्ट! मालक नवी बॅटरी आणतो. महिना दीड महिना जातो, आणि पुन्हां तोच प्रकार. असें कां व्हावें, हें आपण या पाठांत क्रमानें पाहूं.

प्रथम दोन बॅटऱ्यांचीं कामें समजून घेतलीं पाहिजेत. प्रियसच्या दुसऱ्या व तिसऱ्या पिढींतील मोठ्या बॅटरीचा दाब २०१.६ व्होल्ट आहे. चाकें फिरविणाऱ्या मोटारीस वीज पुरविणें, व पेट्रोलचें इंजिन फिरवून चालू करणें, हीं दोन्ही कामें तिच्या शक्तीनें होतात. मग १२ व्होल्टची लहान बॅटरी काय करते ? ती गाडींतील संगणकांस जागें करते, आणि मोठ्या बॅटरीचा मार्ग उघडणारे रिले ओढते. गाडी बंद होतांच हे रिले सुटतात व मोठी बॅटरी सर्व तारांपासून अलग होते. सुरक्षिततेसाठीं तशी योजनाच आहे. म्हणून लहान बॅटरी उतरली कीं मोठीचा कांहींएक उपयोग होत नाहीं. कोठार धान्यानें भरलेलें आहे, पण किल्ली हरवली आहे, अशी ती स्थिति होय.

येथेंच एक मर्म आहे. साध्या गाडीची बॅटरी दुबळी होऊं लागली कीं ती आगाऊ सूचना देते. सेल्फ मारतांना इंजिन जड फिरतें, घरघर ऐकूं येते, आणि शहाणा मनुष्य सावध होतो. संकरित गाडींत लहान बॅटरीस इंजिन फिरवावें लागत नाहीं. तिला लागणारा प्रवाह अल्प असतो. त्यामुळें ती अर्धमेली झाली तरी आपलें काम निमूटपणें करीत राहते, आणि मग एके दिवशीं एकाएकीं थांबते. शिवाय काम हलकें म्हणून पुष्कळ गाड्यांत ती आकारानेंही लहानच ठेवितात. अर्थात् तिची शिल्लकही थोडी.

तिला वीज मिळते कोठून ? साध्या गाडीप्रमाणें पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर येथें नसतो. मोठ्या बॅटरीच्या विजेचा दाब उतरवून देणारें परिवर्तक यंत्र लहान बॅटरी भरतें, व तें गाडी ‘रेडी’ स्थितींत असतांनाच चालतें. नुसती कळ दाबून रेडिओ ऐकत बसलें तर लहान बॅटरी रिकामी होते, भरत नाहीं.

आतां कारणें पाहूं. पहिलें कारण गाडी उभी राहणें. बंद गाडींतही कुलुपाचा ग्राहक, धोक्याचा भोंगा व संगणकांची स्मृति हीं थोडी वीज खातातच. हा प्रवाह ५० मिलिअँपियर धरला, तर दिवसास १.२ अँपियर-तास खर्च होतात. बॅटरी ४५ अँपियर-तासांची असेल, तर सुमारें १९ दिवसांत ती अर्धी होईल. मार्च २०२० च्या टाळेबंदींत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या गाड्यांची काय गत झाली असेल, हें या गणितावरून कळेल. दुसरें कारण मागाहून जोडलेलीं उपकरणें. रात्रभर चालणारा कॅमेरा ३०० मिलिअँपियर घेत असेल, तर तीच बॅटरी तीन दिवसांत अर्धी होते. डिकीचा दिवा न विझणें, किंवा बिनतारी किल्ली गाडीजवळच टांगून ठेवणें, हींही याच वर्गांतील होत. तिसरें कारण अगदीं लहान फेऱ्या; दहा मिनिटांत भरपाई होत नाहीं. चौथें कारण सैल किंवा गंजलेलें टर्मिनल. आणि पांचवें, क्वचित् आढळणारें, परिवर्तकांतील बिघाड.

या सर्वांत आणखी एक दुष्ट चक्र आहे. बॅटरी रिकामी होतांना तिच्या पत्र्यांवर शिशाचें सल्फेट जमतें. लगेच भरली तर तें विरतें. तशीच पडून राहिली तर त्याचे कठीण स्फटिक बनतात, व तेवढा पत्रा कायमचा निकामी होतो. म्हणून जी एकदां पुरती उतरली, ती पुढच्या वेळीं अधिक लवकर उतरते. कारण शोधल्यावांचून नवी बॅटरी घातली, तर तीही थोड्याच महिन्यांत याच वाटेनें जाते.

यासाठीं आधीं मोजणी करावी. साध्या मल्टिमीटरनें काम होतें. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या लहान बॅटरीचा दाब पाहावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक असल्यास ती भरलेली, सुमारें १२.२ असल्यास अर्धी. १२ च्या खालीं असल्यास जवळजवळ रिकामी. मग गाडी रेडी करून पुन्हां मोजावें. साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट आल्यास परिवर्तक आपलें काम करीत आहे. दोन्ही ठीक असून बॅटरी उतरत असेल, तर चोर शोधावयाचा. किल्ली दूर ठेवून, ऋण टोकाशीं मीटर जोडून, संगणक झोपीं जाईपर्यंत अर्धा तास तरी थांबावें, व मग एकेक फ्यूज काढून प्रवाह कशानें घटतो तें पाहावें. मीटर जोडलेला असतां गाडी रेडी करूं नये. हें काम जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखालींच करावें, आणि नारिंगी रंगाच्या जाड तारांस मुळींच हात लावूं नये. त्यांत प्राणघातक दाब असतो.

अडल्या वेळीं दुसऱ्या बॅटरीनें गाडी जागी करतां येते. प्रियसच्या वरील दोन्ही पिढ्यांत लहान बॅटरी डिकींत आहे, व डिकीचें कुलूप विजेचें. म्हणून पुढच्या झांकणाखालीं फ्यूजच्या पेटींत यासाठीं वेगळें टोक दिलेलें आहे. धन व ऋण यांची अदलाबदल मात्र होऊं देऊं नये. क्षणाच्या चुकीनें महागडे संगणक जळतात. ऋण तारेचें शेवटचें टोक बॅटरीस न लावितां दूरच्या उघड्या धातूस लावावें, कारण बॅटरीजवळ ठिणगी पडल्यास तेथील हायड्रोजन वायु पेट घेण्याचें भय असतें.

नित्याचा उपाय सोपा आहे. गाडी आठवड्यांतून एकदां तरी तासभर चालवावी. तें शक्य नसेल, तर बॅटरीच्या जातीस योग्य असा लहान चार्जर लावून ठेवावा. फार दिवस दूर जावयाचें असेल, तर ऋण टोक सोडवून ठेवावें. बंद जागेंत गाडी रेडी करून सोडूं नये. इंजिन आपोआप चालू होतें, व त्याचा धूर विषारी असतो. ह्युंदाईच्या आयोनिक हायब्रिड गाडींत तर लहान बॅटरीही लिथियमची केली, व ती पुरती रिकामी होण्यापूर्वींच आपण होऊन अलग होऊन थोडी शक्ति राखून ठेवील, अशी योजना केली. एक बटण दाबलें कीं ती पुन्हां जोडली जाते.

प्रभूनें सांगितलेल्या दहा कुमारींच्या दृष्टांतांत पांच जणींच्या हातीं दिवे होते, पण वेळेवर तेल नव्हतें. नवे दिवे दिले असते, तरी त्यांची अडचण भागली नसती. विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शेजारीं कोणाची गाडी अशी वारंवार अडत असेल, तर ‘बॅटरी बदला’ असें सांगण्याची घाई करूं नका. ‘आधीं मोजूं या,’ असें म्हणा. वर्गांत शिकलेला व्होल्ट व अँपियर यांतील भेद त्या दिवशीं तुमच्या खऱ्या उपयोगीं पडेल.