विमानाच्या पंखातला काचेचा धागा आणि बारावीनंतरचा रस्ता

‘विमानात फायबर ऑप्टिक सेन्सर बसवतात म्हणे. त्याचा कोर्स कुठे असतो?’ असं पालक विचारतात, तेव्हा मी आधी एवढंच सांगतो की बारावीनंतर या नावाची पदवी शोधत बसू नका. कुणी याच नावाने भरमसाट फी मागत असेल, तर पैसे भरण्याआधी लॅब दाखवा म्हणावं.

हे सेन्सर कशासाठी लागतात ते बघू. 28 एप्रिल 1988 रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं छत हवेतच उडालं आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. विमानाची 89,680 उड्डाणं झाली होती. पत्र्याच्या जोडांत रिव्हेटांच्या कडेने तडे वाढत होते, ते तपासणीत सुटले. आजच्या बोइंग 787 चा वजनाने जवळपास निम्मा भाग कंपोझिटचा, म्हणजे तंतूंचे थर चिकटवून केलेल्या साहित्याचा असतो. तिथली पंचाईत वेगळी. देखभालीत हातातला पाना निसटून पडला, तर वरून जेमतेम ओरखडा दिसतो आणि आत मात्र थर सुटलेले असू शकतात.

म्हणून पंखाला काचेची फायबर चिकटवतात किंवा कंपोझिटच्या थरांतच घालतात. केसाएवढ्या या धाग्याच्या गाभ्यात लेझरने ‘ब्रॅग ग्रेटिंग’ तयार केलेलं असतं. आत प्रकाश सोडला की ग्रेटिंग त्यातली एकच तरंगलांबी परत पाठवतं. पंख वाकून फायबर ताणली गेली की ती तरंगलांबी सरकते, एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग वाढ) साधारण 1.2 पिकोमीटर. एकाच धाग्यावर अशी अनेक ग्रेटिंग बसतात आणि विजेच्या तारेत शिरतो तसा विद्युत गोंगाट त्यात शिरत नाही.

पण तापमान एक अंशाने बदललं तरी तीच तरंगलांबी सुमारे 10 पिकोमीटर सरकते. धावपट्टीवर 40 अंश आणि वर उणे 50 असतील, तर 900 पिकोमीटर नुसत्या तापमानाने गेले. म्हणजे पंखाला काही झालेलं नसताना सेन्सर साडेसातशे मायक्रोस्ट्रेनचा ताण दाखवणार! हा खोटा ताण वजा कसा करायचा, हे तुमच्या मुलाला किंवा मुलीला विचारून पाहा. उत्तर चुकलं तरी चालेल. कागद-पेन्सिल घेऊन बसावंसं वाटलं, तर या क्षेत्राचा विचार जरूर करा. कोणत्याही कल चाचणीपेक्षा मला ही परीक्षा खात्रीची वाटते.

त्यात सेन्सर फक्त ताण सांगतो, तडा कुठे आहे ते सांगत नाही. ते ओळखायला सांगाड्यांचं शास्त्र (स्ट्रक्चर्स) पक्कं लागतं, सिग्नल वाचता यावा लागतो, प्रकाशाचं भौतिकशास्त्रही हवं. तिन्ही एका पदवीत मिळत नाहीत. माझ्या मते मेकॅनिकल, एरोस्पेस किंवा इन्स्ट्रुमेंटेशनपैकी एकात पाया घालावा आणि गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एमटेकला दुसऱ्या बाजूला वळावं. भौतिकशास्त्रच आवडत असेल, तर कोचीन विद्यापीठात फोटॉनिक्सची एमएस्सी आहे, तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटीत इंजिनिअरिंग फिजिक्स आहे. बेंगळुरूची एनएएल आणि कोलकात्याची सीजीसीआरआय या सीएसआयआरच्या संस्थांत फायबर सेन्सरवर संशोधन चालतं.

विमान देखभालीचं, डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामकाचं लायसन्स ही वेगळी वाट. तिथे विमान उड्डाणास योग्य असल्याची सही करायची असते, सेन्सर घडवायचे नसतात. नागपूरच्या मिहानमध्ये तसं काम चालतं. दोन्हींची गल्लत करू नका.

आता पालकांच्या काळजीचं. नासाने 2008 मध्ये ‘इखाना’ या चालकविरहित विमानाच्या पंखांवर असे सेन्सर लावून उड्डाणं केली. पण प्रवासी विमानांची नेहमीची तपासणी आजही मुख्यतः नजरेने, अल्ट्रासाउंडने आणि एडी करंटने होते. फायबर जास्त दिसते ती चाचणीच्या सांगाड्यांवर आणि प्रायोगिक विमानांवर. म्हणून फक्त विमानांच्या भरवशावर राहिलात तर जागा थोड्या, त्याही बहुतेक संशोधनातल्या, आणि पदव्युत्तर शिक्षणाशिवाय दार उघडणं कठीण. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षापर्यंत शिकण्याची घरची तयारी आहे का, हे आत्ताच बोलून घ्या. मात्र हेच ग्रेटिंग पूल, बोगदे, तेलवाहिन्या आणि पवनचक्क्यांच्या पात्यांवरही लागतं. एमटेकचा प्रकल्प निवडताना विमानाबरोबर यातलं एखादं काम हाताखालून गेलेलं असेल, तर नोकरीचा अर्ज दोन्हीकडे करता येतो.