अग्निदरीतील चित्रशिला

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागात नेवाडा नावाचे राज्य आहे. या राज्याच्या दक्षिण टोकास मोहावी नावाचे विस्तीर्ण वाळवंट पसरले आहे. लास व्हेगास हे तेथील प्रसिद्ध शहर होय. रात्री असंख्य दिव्यांनी झगमगणाऱ्या या शहरातून ईशान्येकडे सुमारे ८० किलोमीटर गेले, की माणसांची गजबज मागे पडते आणि करड्या, उजाड माळरानात एकाएकी तांबड्या खडकांचा प्रदेश दृष्टीस पडतो. सकाळच्या आणि सायंकाळच्या तिरप्या उन्हात हे खडक फुललेल्या निखाऱ्यांसारखे दिसू लागतात. म्हणूनच या प्रदेशाला ‘व्हॅली ऑफ फायर’, म्हणजे ‘अग्निदरी’ असे नाव पडले आहे. सुमारे ४०,००० एकरांचा हा प्रदेश १९३५ साली राज्याचे उद्यान म्हणून राखून ठेवण्यात आला. नेवाडा राज्याचे हे सर्वांत जुने उद्यान होय.

या खडकांची जन्मकथा मोठी विस्मयकारक आहे. १५ कोटी वर्षांपेक्षाही पूर्वी, जेव्हा पृथ्वीवर महाकाय सरडे वावरत होते, तेव्हा येथे वाऱ्याने सरकणाऱ्या वाळूच्या प्रचंड टेकड्या होत्या. एका टेकडीवर दुसरी, दुसरीवर तिसरी असे वाळूचे थर साचत गेले. वरच्या थरांच्या भाराने आणि जमिनीतील पाण्याबरोबर आलेल्या खनिजांनी वाळूचे कण एकमेकांस घट्ट चिकटले आणि त्यांचा वालुकाश्म झाला. वाळूतील लोहाचा जणू गंज चढला, म्हणून खडक तांबडा झाला. पुढे भूपृष्ठाला हेलकावे बसले, खडक उचलले गेले, दुभंगले. वारा आणि पाऊस यांनी त्यांना कोरून काढले. त्यातून कोठे कमान, कोठे घुमट, तर कोठे सोंड खाली सोडून उभ्या असलेल्या हत्तीसारखा आकार तयार झाला. एखाद्या खडकाजवळ जाऊन नीट पाहिले, तर त्यावर तिरप्या रेषांचे थर दिसतात. ते त्या प्राचीन टेकड्यांचे उतार होत. एके काळी वाऱ्याबरोबर धावणारी वाळू तेथे दगड होऊन थांबलेली आहे.

या दरीत वर्षाकाठी सरासरी केवळ १० सेंटीमीटर पाऊस पडतो. कोकणात आषाढातील एखाद्या दिवसातच एवढा पाऊस पडून जातो! उन्हाळ्यात येथील उष्णतामान कधी कधी ४८ ते ४९ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. तथापि हा प्रदेश निर्जीव मात्र नाही. पाऊस पडताच पाणी पिऊन आपल्या शरीरात साठविणारे आणि आयुष्याचा बहुतेक काळ बिळात घालविणारे वाळवंटी कासव येथे राहते. लहान चणीचे खोकड रात्रीच्या गारव्यात भक्ष्य शोधावयास बाहेर पडते. उंच कड्यांवर वळणदार, जाड शिंगांच्या रानमेंढ्या सहज उड्या मारीत फिरतात. या रानमेंढीची आठवण वाचकांनी मनात ठेवावी. कारण पुढे ती दगडावरही भेटणार आहे.

उद्यानाच्या पश्चिम बाजूने आत शिरले, की थोड्याच अंतरावर एक उंच, एकाकी खडक लागतो. त्याच्या कड्यावर, जमिनीपासून बऱ्याच उंचीवर, प्राचीन माणसांनी कोरलेली चित्रे आहेत. ती जवळून पाहता यावीत म्हणून तेथे लोखंडी जिना उभारलेला आहे. धापा टाकीत वर पोचलेला प्रवासी समोरचा काळसर कातळ पाहतो आणि क्षणभर थबकतो. वर्तुळे, नागमोडी रेषा, प्राणी आणि माणसे यांची एकच दाटी तेथे झालेली असते. त्यातच एक लांबट काठीसारखी आकृती आहे. ती आहे ‘अटलाटल’ या शस्त्राची. त्यावरूनच या खडकाला ‘अटलाटलचा खडक’ म्हणतात.

अटलाटल म्हणजे भाला फेकण्याची काठी. तिच्या एका टोकास आकड्यासारखा खोबणीचा आधार असे. त्यात भाल्याचा मागचा भाग टेकवून शिकारी दुसरे टोक हाती धरी आणि जोराने हात फिरवी. गोफणीमुळे जसा हाताचा जोर वाढून दगड दूर जातो, तसाच या काठीमुळे भाला दूर आणि वेगाने जाई. पुढे धनुष्यबाण आले आणि अटलाटल मागे पडले. तेव्हा ज्या हाताने हे चित्र कोरले, त्या हाताला ही काठी वापरण्याचाही सराव असला पाहिजे. एका लहानशा आकृतीवरून संशोधक काळाचा असा माग काढतात.

तेथून पुढे उद्यानाच्या मध्यभागी चित्रशिलांची घळ आहे. ती पाहण्यासाठी फार चालावे लागत नाही. जाऊन येऊन अंतर सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर भरते. तथापि वाट मऊ, तांबड्या वाळूची असल्यामुळे पावले रुततात आणि अंतर आहे त्याहून अधिक वाटते. दोन्ही बाजूंस तांबडे कडे उभे असतात. प्रथम प्रवाशाला काहीच दिसत नाही. मग एखाद्या काळसर पृष्ठावर एक रानमेंढी दिसते. तिच्या शेजारी दुसरी दिसते. आणि एकदा नजर सरावली, की जिकडे पाहावे तिकडे चित्रेच चित्रे दिसू लागतात! कोठे हातात हात घालून माणसांची रांग उभी आहे, कोठे उमटलेला पंजा आहे, कोठे पावले आहेत, कोठे सूर्यासारखे किरण पसरलेले वर्तुळ आहे, तर कोठे गोगलगाईच्या शंखासारखी आत आत वळत जाणारी रेषा आहे. घळीत शांतता एवढी असते, की प्रवासी आपोआप हलक्या आवाजात बोलू लागतो.

ही चित्रे रंगांनी काढलेली नाहीत. येथील खडकांच्या उघड्या पृष्ठांवर एक अत्यंत पातळ काळसर पापुद्रा चढलेला असतो. त्याला ‘वाळवंटी रोगण’ असे म्हणतात. वाऱ्याबरोबर येणारी बारीक माती, मँगनीज आणि लोह यांपासून हा पापुद्रा बनतो. तो इतक्या सावकाश वाढतो, की त्याला दाट होण्यास हजारो वर्षे लागतात, आणि तरीही त्याची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. प्राचीन कलावंत अधिक कठीण दगड घेऊन या पापुद्र्यावर टोचे मारीत. पापुद्रा निघाला, की आतील फिकट रंगाचा खडक उघडा पडे आणि काळ्या पाटीवर पांढऱ्या पेन्सिलीने काढावी तशी आकृती उमटे. कालांतराने उघड्या पडलेल्या भागावरही पुन्हा रोगण चढू लागते. म्हणून जे चित्र अधिक काळवंडलेले, ते सामान्यतः अधिक जुने असे समजतात.

ही चित्रे कोरणारे लोक कोण होते? या दरीपासून जवळच मोआपा नावाचे सुपीक खोरे आहे. तेथे मडी नावाची नदी वाहते. इसवी सनापूर्वी सुमारे ३०० वर्षांपासून इसवी सनाच्या १२ व्या शतकापर्यंत तेथे ज्यांची वस्ती होती, ते लोक प्रथम शिकार करून आणि कंदमुळे व बिया गोळा करून राहत. सुंदर टोपल्या विणीत. पुढे ते मका, घेवडा आणि भोपळा पिकवू लागले, मातीची भांडी घडवू लागले आणि पक्की घरे बांधू लागले. अग्निदरीत मात्र बारमाही पाणी नसल्यामुळे ते कायमचे राहत नसत. शिकारीसाठी, वनस्पती गोळा करण्यासाठी आणि धार्मिक विधींसाठी ते येथे येत, असे विद्वानांचे मत आहे. १२ व्या शतकाच्या सुमारास त्यांनी ते खोरे सोडले. त्यानंतर हा प्रदेश पायूट लोकांचा झाला. त्यांचे वंशज आजही मोआपा परिसरात राहतात आणि या चित्रशिलांना पवित्र मानतात.

चित्रांचा नेमका अर्थ आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ती देवाची प्रार्थना असेल, शिकारीची आठवण असेल, किंवा मागून येणाऱ्यास दिलेली एखादी खूणही असेल. परंतु घळीच्या शेवटास पोचले, म्हणजे माणसे येथे वारंवार का येत, याचे एक कारण तरी डोळ्यांना दिसते. तेथे खडकात एक खोलगट टाके आहे. गडकिल्ल्यांवरील टाकी माणसांनी खोदलेली असतात. हे टाके निसर्गाने घडविलेले आहे. पावसाचे पाणी कड्यांवरून वाहत येऊन त्यात साठते आणि सावलीमुळे कित्येकदा महिनोन्‌महिने टिकते. १८९० नंतरच्या काही वर्षांत ‘माऊस’, म्हणजे ‘उंदीर’ या नावाने ओळखला जाणारा एक पायूट मनुष्य पाठलाग करणाऱ्यांपासून लपण्यासाठी या दरीत राहिला होता. बाहेरच्यांना ही दरी म्हणजे मृत्यूचे घर वाटे. पण त्याला पाण्याची जागा ठाऊक होती, म्हणून तो तेथे जगू शकला. त्याच्याच नावावरून याला ‘माऊसचे टाके’ म्हणतात. वाळवंटात ज्याला पाणी ठाऊक, त्यालाच वाट ठाऊक, हेच खरे.

आजच्या प्रवाशानेही हा धडा विसरता कामा नये. वाट लहान आहे म्हणून पाण्यावाचून निघणे येथे जिवावर बेतू शकते. ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ येथे फिरण्यास चांगला. तेव्हाही भरपूर पाणी, टोपी आणि मजबूत पादत्राणे जवळ असावी लागतात. आकाशात ढग दाटून आले, तर अरुंद घळीत थांबू नये. कारण कोरड्या खडकांवर पाणी मुरत नाही आणि दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा क्षणार्धात अंगावर येऊ शकतो.

या दरीच्या जवळ, ओव्हर्टन या गावी, १९३५ साली स्थापन झालेले एक वस्तुसंग्रहालय आहे. त्याचे नाव ‘हरवलेले शहर’ असे आहे. मोआपा खोऱ्यात त्या प्राचीन शेतकऱ्यांच्या घरांचे अवशेष होते. १९२४ पासून संशोधकांनी तेथे उत्खनन सुरू केले. पुढे कोलोरॅडो नदीवर हूवर नावाचे प्रचंड धरण बांधण्यात आले. धरणामागे साठणाऱ्या सरोवराचे पाणी या अवशेषांवर चढणार, हे दिसू लागले. तेव्हा घाईघाईने होईल तेवढे उत्खनन करण्यात आले. भांडी, टोपल्या, हत्यारे अशा पुष्कळ वस्तू वाचल्या. परंतु घरांचे कित्येक अवशेष पाण्याखाली गेले. धरणामुळे दूरदूरच्या शहरांना पाणी आणि वीज मिळाली, हे खरे. पण त्यासाठी एका प्राचीन वस्तीला पुन्हा एकदा हरवावे लागले, हेही खरे.

अग्निदरीतील चित्रे उंच खडकांवर असल्यामुळे पुरापासून वाचली. त्यांना खरे भय आहे ते माणसाचे. काही अविचारी लोक प्राचीन चित्रांच्या शेजारी स्वतःचे नाव खरडतात. कोणी कुतूहलाने चित्रावरून हात फिरवितात. त्या हाताचे तेल आणि घाम खडकाच्या पापुद्र्याला अपाय करतात. जो पापुद्रा बनण्यास हजारो वर्षे लागली, तो खरवडण्यास एक क्षण पुरतो. तुटलेली भिंत पुन्हा बांधता येते, फाटलेले पुस्तक पुन्हा छापता येते. पण या चित्राची दुसरी प्रत जगात कोठेही नाही. म्हणून या चित्रांना इजा करणे हा तेथे कायद्याने गुन्हा मानलेला आहे. परंतु निर्जन घळीत प्रत्येक खडकापाशी पहारेकरी कोठून उभा करणार? तेथे प्रवाशाची सद्‌बुद्धी हाच खरा पहारेकरी होय.

सूर्य मावळतीला झुकतो, तसे तांबडे कडे पुन्हा पेटल्यासारखे दिसू लागतात. शेवटचे प्रवासी वाळूतून परत फिरतात. वाऱ्याने त्यांची पावले थोड्याच वेळात पुसली जातात. कड्यावर मात्र हातात हात घालून उभी असलेली ती माणसांची रांग तशीच राहते. ज्यांनी ती कोरली, त्यांची नावे कोणासही माहीत नाहीत. त्यांनी ती दगडावर लिहून ठेवली नाहीत. त्यांनी ठेवली ती केवळ आपल्या जगाची चित्रे. आलेला प्रवासी ती डोळे भरून पाहतो, हात न लावता मागे सरतो, आणि पुढे येणाऱ्यासाठी ती जशीच्या तशी ठेवून जातो. एवढे ज्याने केले, त्याने त्या अनाम कलावंतांचे ऋण फेडले, असे म्हणावयास हरकत नाही.

अभ्यास

१. अग्निदरीला हे नाव का पडले? तेथील खडक कसे तयार झाले, ते थोडक्यात लिहा.
२. ‘वाळवंटी रोगण’ म्हणजे काय? त्यावर चित्रे कशी कोरीत?
३. अटलाटलच्या चित्रावरून संशोधकांना कोणती गोष्ट समजते?
४. ‘वाळवंटात ज्याला पाणी ठाऊक, त्यालाच वाट ठाऊक’ हे वाक्य माऊसच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
५. ‘प्रवाशाची सद्‌बुद्धी हाच खरा पहारेकरी’ असे पाठात का म्हटले आहे?
६. पुढील शब्दांचा वाक्यात उपयोग करा : छातीठोकपणे, जिवावर बेतणे, डोळे भरून पाहणे, ऋण फेडणे.
७. रत्नागिरी जिल्ह्यातील कातळशिल्पांविषयी माहिती मिळवा आणि त्यांची राखण कशी करता येईल, यावर दहा ओळी लिहा.