पूर्वप्रसिद्धीची नोंद

आपण रचलेली कविता किंवा लिहिलेली गोष्ट चार लोकांनी वाचावी, अशी इच्छा प्रत्येक लेखकास असते. ही इच्छा स्वाभाविक आहे. तथापि तेच लेखन एकाहून अधिक ठिकाणी द्यावयाचे झाल्यास काही शिष्टाचार पाळावा लागतो.

एकदा छापलेले लेखन पुन्हा प्रसिद्ध करण्याची प्रथा जुनी आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी प्रथम त्या साप्ताहिकातून क्रमशः आली व पुढे ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती पडली. आजही अनेक कथासंग्रहांच्या आरंभी, त्यातील कथा पूर्वी कोणत्या मासिकांत व दिवाळी अंकांत आल्या, हे नमूद केलेले असते. या नोंदीस 'पूर्वप्रसिद्धी' म्हणतात. नोंद दोन ओळींची असते. पण लेखकाचा प्रामाणिकपणा तीत दिसतो.

आता लेखन प्रसिद्ध करण्यासाठी मुद्रणालयाची वाट पाहावी लागत नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, एखादे संकेतस्थळ अशा अनेक ठिकाणी एकच कविता क्षणात देता येते. सोय वाढली, तशी या नोंदीचा विसर पडण्याची भीतीही वाढली.

समजा, एका मुलीने पावसावर कविता लिहिली. एका बालमासिकाच्या संपादकांनी ती दिवाळी अंकासाठी स्वीकारली. चित्रकाराने तिच्यासाठी चित्र काढले. पानही तयार झाले. परंतु मुलीस धीर निघेना. तिने तीच कविता, काही न कळविता, दुसऱ्या मासिकाकडे पाठविली. दिवाळीत दोन्ही अंकांत ती कविता झळकली. मुलीने चोरी केली नव्हती. कविता तिचीच होती. पण चित्रकाराचे श्रम, संपादकांचा विश्वास आणि त्या पानावर ज्याची कविता येऊ शकली असती त्या दुसऱ्या मुलाची संधी, ही काही तिची नव्हती. अशा वेळी दोन्ही संपादकांस पत्र लिहून चूक कबूल करणे, हाच गेलेला विश्वास परत मिळविण्याचा मार्ग होय.

भारतातील १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाचा आपल्या लेखनावर सामान्यतः हक्क असतो, आणि तो लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. परंतु हक्क असला, तरी तो कसा वापरावा हे शिष्टाचारच शिकवितो.

म्हणून एक रचना एका वेळी एकाच संपादकाकडे पाठवावी व उत्तराची वाट पाहावी. स्पर्धेसाठी अप्रकाशित लेखन मागितले असेल, तर संकेतस्थळावर दिलेली कविता पाठविण्यापूर्वी आयोजकांस विचारून घ्यावे. जुनी रचना पुन्हा देताना ती प्रथम कोठे व केव्हा आली हे लिहावे. तीत बदल केला असल्यास 'सुधारित' असे नमूद करावे. सोबतचे चित्र मित्राने काढले असेल, तर त्याची अनुमती घ्यावी व त्याचे नावही द्यावे. एकाच सकाळी दहा गटांत तीच कविता पाठवू नये; बहुधा त्या गटांतील वाचक तेच असतात, आणि दहाव्यांदा समोर आलेल्या चांगल्या कवितेचाही कंटाळा येतो.

घरी आलेल्या पाहुण्यास कालचा लाडू देण्यात कमीपणा नाही. 'हा कालचा आहे' असे सांगून दिला, तर पाहुणा तो आनंदाने खातो. कालचा लाडू आजचा म्हणून देणे मात्र यजमानास शोभत नाही.

स्वाध्याय
१. 'पूर्वप्रसिद्धी' म्हणजे काय, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
२. कविता मुलीचीच होती. मग तिची चूक कोणती?
३. शाळेच्या हस्तलिखितातील आपली एक रचना पुन्हा छापावयाची आहे, असे समजून तिच्याखाली द्यावयाची नोंद लिहा.