भातुकलीचा संग्रह, दुरुस्ती आणि मांडणी

भातुकली म्हणजे मुलांच्या हातात मावेल एवढा केलेला घरचा सारा सरंजाम. चूल, पातेली, कढई, परात, झारा, घंगाळ, बंब, तांब्या-भांडी हा त्यातला धातूचा भाग. जाते, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणे, पाट, रवी, पाळणा, देव्हारा हा लाकडाचा. मराठी घरांत ही भांडी खेळून झाली की फडताळात जात आणि चैत्रगौरीच्या किंवा भाद्रपदातल्या गौरींच्या आराशीला वर्षातून एकदोनदा बाहेर निघत. अनेक जुने संच केवळ या आराशींमुळे टिकले.

युरोपातल्या बाहुलीघराची रीत उलटी आहे. तिथे आधी घर होते आणि मग सामान येते. आम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममधले पेट्रोनेला ऑर्टमन यांचे बाहुलीघर साधारण १६८६ ते १७१० या काळात सजत गेले. ते मुलांचे खेळणे नव्हते, श्रीमंत घरातल्या प्रौढ बाईचा छंद होता. एडविन लट्येन्स यांनी आराखडा केलेले राणी मेरीचे बाहुलीघर १९२४ मध्ये पुरे झाले आणि आज ते विंडसर कॅसलमध्ये आहे. त्यात पाण्याचे नळ, विजेचे दिवे आणि लिफ्टसुद्धा आहे, आणि सारे १:१२ या प्रमाणात, म्हणजे खऱ्या फुटाला तिथे एक इंच. भातुकलीला असे एक प्रमाण नाही. तीन इंची पातेले हे नऊ इंची पातेल्याचा तिसरा हिस्सा असते. त्याच संचातला पाच इंची बंब मात्र अडीच फुटी बंबाचा सहावा हिस्सा. घडवणारा मुलीच्या मुठीचा अंदाज घेऊन घडवत असे. नवख्या संग्राहकाला ही विसंगती खटकते आणि तो सगळे नग जुळणारा संच शोधू लागतो. असे संच बाजारात मिळतात. ते बहुतेक नवे असतात.

जुन्या धातुकामाची पहिली खूण मठाराची. पत्रा ठोकून भांड्याला आकार दिला की शेवटी त्यावर हातोडीचे बारीक, एका ओळीतले ठोके देतात, ते मठारकाम. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी त्यासाठी नावाजलेली आहे. छोट्या भांड्यावर हे ठोके तिरप्या उजेडात दिसतात आणि बोटाला लागतात. ओतीव भांड्यावर ते नसतात, किंवा साच्यातून आलेले, बोथट आणि प्रत्येक नगावर त्याच जागी असतात. ठोकीव भांड्याचा पत्रा पातळ, ओतीव भांडे जाड आणि त्याच्या आकाराच्या मानाने जड. दुसरी खूण सांध्यांची. तोटी, कान, कड्या स्वतंत्र घडवून नंतर बसवलेल्या असतात, त्यामुळे जुन्या भांड्याची कडी हलते. तिसरी खूण म्हणजे नाव. मोठ्या भांड्यांवर नाव घालून घेण्याची आपल्याकडची रीत भातुकलीच्या भांड्यांनाही लागू झालेली दिसते: ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे, कधी काठाखाली, कधी तळाला. नाव असले की भाव पाडून मागणारे व्यापारी भेटतात. संग्राहकाने त्यांच्या म्हणण्याकडे लक्ष देऊ नये. भांडे कोणाच्या घरातले हे सांगणारी तेवढीच एक गोष्ट त्यावर असते. नजर तयार होण्यासाठी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दोन-चार चकरा माराव्यात. रोजच्या वापरातल्या जुन्या पितळ-तांब्याचे अंग कसे दिसते हे पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही.

प्रस्तुत लेखिकेच्या आजोळहून आलेल्या संचात २७ पितळी भांडी होती. गौरींच्या आराशीसाठी ती उजळून घ्यावीत म्हणून जुन्या वस्तूंचा व्यवहार करणाऱ्या एका व्यावसायिकाकडे दिली. दुरुस्तीची कामे आपल्याकडेच होतात असे तो सांगत असे, आणि दुकानातल्या वस्तू पाहता ते पटण्यासारखे होते. पावतीवर एकच ओळ होती: पितळी भांडी, नग २७, पॉलिश. दोन आठवड्यांचे काम पाच आठवडे चालले. गौरी यायच्या आदल्या संध्याकाळी भांडी मिळाली, वर्तमानपत्राच्या पुड्यांत बांधलेली. पैसे तिथेच चुकते झाले आणि पुड्या घरी येऊन सुटल्या.

पहिल्या नजरेला ती भांडी सुंदर दिसली, हे इथे नोंदवायलाच हवे, कारण फसगत नेमकी त्या क्षणी होते. घंगाळ पाटावर ठेवताना सवयीने कडीला बोट लावले, तर कडी हलली नाही. ती भांड्याच्या अंगाला चिकटलेली होती; अंगासकट एकाच साच्यात ओतलेली होती. जुन्या घंगाळाच्या दोन्ही कड्या सैल होत्या. उचलले की त्या अंगावर आपटून वाजत, आणि तो आवाज घरातल्या तीन पिढ्यांच्या मुलींना झोपेतही ओळखू आला असता. ती रात्र उरलेली भांडी एकेक करून दिव्याखाली धरण्यात आणि चैत्रगौरीच्या एका जुन्या फोटोशी ताडून पाहण्यात गेली. पाच भांडी बदललेली निघाली: घंगाळ, बंब, दोन तांबे आणि झाकणाचा डबा. उरलेल्या बावीस भांड्यांचा मठार बफिंगच्या चाकाखाली गेला होता. आजीचे माहेरचे नाव अकरा भांड्यांवर होते. त्यांतली चार बदलीत गेली. बाकीच्या सातांपैकी तीनच भांड्यांवरची अक्षरे आता लागतात. चार ठिकाणी बोट फिरवले तर काहीतरी होते एवढेच कळते.

व्यावसायिकाची उत्तरे ज्या क्रमाने आली त्या क्रमाने देणे उपयोगाचे आहे, कारण दुसऱ्यांनाही तीच मिळण्याचा संभव आहे. आधी: “नग मोजून घ्या, सत्तावीस आहेत.” मग: “जुनी कडी तुटकी होती, चांगली बसवून दिली.” तुटकी असली तरी ती परत द्या, असे म्हटल्यावर: “ती भंगारात गेली.” शेवटी, अगदी मऊ आवाजात: “ताई, जुनं देऊन नवं घ्यायला लोक वर पैसे मोजतात.” यानंतर फोन उचलला गेला नाही. त्याच्या बाजूने बोलणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे पावती. तिच्यावर फक्त आकडा होता आणि आकडा बरोबर होता. नोंद न ठेवता वस्तू दिल्या म्हणजे चूक देणाऱ्याचीच, असे ऐकवणारेही पुष्कळ भेटले. नोंद न ठेवणे हा निष्काळजीपणा आहे. वस्तू बदलणे ही चोरी आहे. दोन्ही एका तागडीत घालता येत नाहीत.

दुरुस्तीला देण्याआधीची तयारी यावरून ठरते. प्रत्येक भांडे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलून वजन ग्रॅममध्ये लिहावे. परत आलेले भांडे दिल्यापेक्षा जड भरले, तर पुढे काही विचारायची गरज उरत नाही; कल्हईने वाढणारे वजन नाममात्र असते. फोटो समोरून काढून भागत नाही. तळ, आतली बाजू, सांधे आणि नाव यांचे वेगळे फोटो हवेत, शेजारी पट्टी ठेवून. नावावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासली की अक्षरांचा ठसा उमटतो. तो नोंदवहीत चिकटवावा. पावतीवर प्रत्येक नगाचे वजन आणि त्यावरचे नाव लिहून घ्यावे आणि खाली स्पष्ट लिहावे: बफिंग करू नये, ॲसिड वापरू नये, मठार व नाव राखावे, सुटलेला भाग परत द्यावा. हे लिहून द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडून भांडी उचलून घरी आणावीत. संच एकदम कधीही देऊ नये. आधी सर्वांत कमी मोलाचा एक नग द्यावा. शक्य तेव्हा कारागिरासमोर बसून काम करून घ्यावे. सणाच्या तोंडावर काहीच देऊ नये. आणि पैसे पुड्या सोडून पाहिल्यावर द्यावेत.

उजळण्याचे काम मुळात घरी होण्यासारखे आहे. चिंचेचा कोळ किंवा आमसुलाचे पाणी मऊ फडक्याने लावून लगेच धुतले की पितळावरची काळपट पुटे जातात. आंबट फार वेळ राहू दिले तर पितळ गुलाबी दिसू लागते: मिश्रधातूतले जस्त आधी निघून जाते आणि तांबे वर उरते. मीठ वापरू नये. ते सांध्यात राहिले तर पावसाळ्यात तिथे हिरवी बुरशीसारखी पूड धरते. बाजारी पावडर कोरीव अक्षरांत पांढरी होऊन बसते आणि ती काढायला बांबूची टोकदार काडी लागते, सुई नव्हे. धुतलेले भांडे लगोलग पुसून पूर्ण कोरडे करावे. जुन्या पितळावरचा तपकिरी, खोल रंग हा मळ नाही. तो राहू द्यावा.

कल्हईबद्दल एक धोका फारसा कोणी सांगत नाही. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे कल्हई करताना भांडे त्याहून अधिक तापते. जुना सांधा पितळाने झाळलेला असेल तर त्याला काही होत नाही. पण मधल्या काळात कोणी तोटी किंवा कान कथील-शिशाने जोडलेला असेल, तर तो सांधा सुमारे १८३ अंशांपासूनच सुटू लागतो आणि तोटी निखाऱ्यात पडते. झाळलेला सांधा पिवळा दिसतो, कथील-शिशाचा करडा; भांडे देण्याआधी सांध्याची रेघ भिंगाखाली पाहावी. भांड्यात खरोखर रांधायचे नसेल तर कल्हईची गरजही नाही.

लाकडी भातुकलीत सावंतवाडीच्या चितारआळीतले काम सर्वांना ठाऊक आहे. लाखकाम असलेल्या वस्तूंवर कातावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. ही लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून स्पिरिट, सॅनिटायझर किंवा काच पुसायचे द्रावण तिला लावू नये. प्रस्तुत लेखिकेच्या संग्रहातल्या पाळण्याचा लाल रंग अशाच एका पुसण्यात कापसावर उतरला. किंचित ओलसर मऊ फडके आणि मागोमाग कोरडे फडके एवढे पुरते. उन्हात वाळवू नये. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाला कीड लवकर लागते, तेव्हा नवीन घेतलेली लाकडी वस्तू महिनाभर वेगळ्या डब्यात काळ्या कागदावर ठेवावी. आत कीड असेल तर कागदावर बारीक भुसा दिसतो. उडालेल्या रंगावर ऑइलपेंट फासणारे दुरुस्तीवाले पुष्कळ आहेत. टवके उडालेला पोळपाट तसाच ठेवलेला बरा.

मांडणीसाठी घर करायचे झाल्यास प्रमाण पाट आणि चुलीवरून ठरवावे. साडेचार इंची पाट हा दीड फुटी पाटाचा चौथा हिस्सा. या हिशेबाने दहा फूट उंचीची खोली अडीच फुटांची होते आणि दुमजली वाडा पाच फुटांच्या वर जातो. म्हणून भातुकलीचे अख्खे घर करण्याचा हट्ट सोडून एकच खोली, स्वयंपाकघर किंवा माजघर, नीट करावी. प्रमाणात न बसणारा लहान बंब मागच्या कोपऱ्यात, न्हाणीच्या दाराशी ठेवला की दूर असल्याने लहान दिसतो असे वाटते. मोठी परात पुढे ठेवावी. बेढब उरलेले नग फडताळाच्या फळ्यांवर शोभतात. भिंतींना शेणामातीचा रंग देताना तो आधी दुसऱ्या फळीवर लावून पाहावा. नव्या प्लायवुडचा आणि डिंकाचा वास पूर्ण गेल्याशिवाय भांडी आत मांडू नयेत, कारण त्या बंद हवेत धातू लवकर काळवंडतो.

आरास उतरल्यावर प्रत्येक भांडे धुतलेल्या जुन्या सुती कापडात वेगळे गुंडाळावे. लोकर आणि रबर यांतल्या गंधकाने तांबे-पितळ काळे पडते, त्यामुळे लोकरी तुकडा किंवा रबरबँड वापरू नये. वर्तमानपत्र ओल धरते आणि शाई सोडते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात एकदा बदलाव्यात. नोंदवही डब्यात न ठेवता दुसरीकडे ठेवावी. संचात नंतर घुसलेली भांडी टाकून देऊ नयेत आणि जुन्यांत मिसळूही नयेत. पुढच्या माणसाला ती जुनी वाटतील. प्रस्तुत लेखिकेच्या संग्रहात ती पाच भांडी वेगळ्या डब्यात आहेत. प्रत्येकाला ‘बदली’ अशी चिठ्ठी आणि वजन लावलेले आहे. आराशीत ती मांडली जात नाहीत, आणि घंगाळाची जागा पाटावर मोकळी ठेवलेली असते.