सड्यावर पाऊल टाकताना

मे महिन्यात एखाद्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, उभे राहिले तर नजर कुठे ठरत नाही. काळपट तांबडा जांभा, उन्हाने तापलेला, भेगांमधून करपलेले गवत. सातबाऱ्यावरही अशा जमिनीची नोंद बहुतेकदा पोटखराबा म्हणूनच असते. तीच जागा तीन-चार महिन्यांनी पाहायला हजारो माणसे गाड्या काढून येतात. मधल्या काळात तिथे काय घडते ते समजले, की कुठे चालायचे, कुठे बसायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आधी दगड बघा. सह्याद्रीचा मूळ पाषाण बेसॉल्ट. लाखो वर्षांच्या ऊनपावसात त्यातली सिलिका वाहून गेली, लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिले आणि वर जांभ्याचा थर तयार झाला. कास, चाळकेवाडी, पन्हाळ्याजवळचे मसाई, आंबोली ही घाटमाथ्याची पठारे आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातले समुद्रालगतचे सडे याच दगडाचे. जांभा सच्छिद्र असतो. पाऊस त्यात मुरतो आणि कडेच्या उतारांवर झरे होऊन बाहेर पडतो. खालच्या वाड्यांचे पाणी अनेक ठिकाणी या झऱ्यांवरच असते. म्हणजे वरचा 'पडीक' कातळ खालच्या विहिरी भरत असतो.

वर माती मात्र नावाला. कुठे बोटभर, कुठे वीतभर, कुठे अजिबात नाही. पाणी कुठे किती दिवस टिकते, यावरून तिथे कोण राहणार हे ठरते. उघड्या कातळावर शेवाळ आणि दगडफूल. जिथे पाण्याचा पातळ पापुद्रा सतत झिरपत असतो तिथे सीतेची आसवे आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती. पाणी साठणाऱ्या खळग्यांत गेंद, आणि साताऱ्याच्या काही पठारांवर वायतुरा, जो जगात फक्त इथल्याच सह्याद्रीत आढळतो. माती जरा खोल झाली की चवर, तेरडा, सोनकी आणि उतारांवर सात-आठ वर्षांतून एकदा सामूहिक बहर येणारी कारवी.

सीतेच्या आसवांपाशी थोडे थांबा. निळ्या-जांभळ्या फुलांचे फोटो सगळेच काढतात, पण खरी करामत फुलाखाली आहे. पावसाच्या धुपीने या मातीत नत्र आणि स्फुरद फार कमी उरतात. म्हणून या वनस्पतीने मातीतल्या पाण्यात बारीक फुगे लावून ठेवलेले असतात. फुग्याच्या तोंडाशी केसांसारखे तंतू. एखादा सूक्ष्मजीव त्यांना लागला, की झडप आत उघडते आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. डोळ्याची पापणी लवायच्याही आत. दवबिंदू तेच काम पानांवरच्या चिकट थेंबांनी करतो. या फुलांवर एकदा बूट पडला तर फूल चेंगरतेच, शिवाय बोटभर मातीतले फुगे आणि पुढच्या वर्षीचे बीही दाबले जाते. दाबलेल्या मातीत पाणी नीट झिरपत नाही. फोटोसाठी ताटव्यात बसणाऱ्यांनी केलेले मोकळे ठिपके म्हणून लवकर भरत नाहीत.

तेव्हा नियम सोपा: पाय नेहमी उघड्या कातळावर किंवा आधीच मळलेल्या वाटेवर. ओली हिरवी जागा दिसली की वळसा घाला, मग ती कितीही मऊ वाटो.

डबक्यांच्या बाबतीत मी अधिक कडक आहे. ही डबकी चार महिन्यांची. त्यात नखाएवढ्या परीझिंग्या (फेअरी श्रिम्प) पोहतात. त्यांची अंडी उरलेले आठ महिने सुक्या गाळात तग धरतात. बेडकांचा टाहो ऐकू येतो तोही याच पाण्यावर. २००९ साली शास्त्रज्ञांनी नोंदवलेला आंबोलीचा भेक अशाच कातळावरच्या उथळ पाण्यात अंडी घालतो आणि आंबोलीच्या परिसराबाहेर त्याची नोंद नाही. अशा डबक्यात साबणाने हात धुणे, ताटे विसळणे, क्रीम लावलेले पाय बुडवून बसणे बंद करा. पाण्याच्या बाटल्या गावातून भरून न्या.

आता सुटे दगड. सड्यावर विखुरलेले धोंडे पाहून चूल मांडण्याचा किंवा एकावर एक रचून मनोरे उभे करण्याचा मोह होतो. कृपा करून तो आवरा. उन्हाळ्यात वरचा कातळ भाजत असतो तेव्हा पाली, विंचू, बेडूक आणि देवगांडुळासारखे बिनपायांचे उभयचर ओलाव्यासाठी या दगडांखालीच तग धरतात. दगड उचलला की सावली गेली, ओल गेली, रहिवासी उघडा पडला. शिवाय तुमच्या जिवाचाही प्रश्न आहे: कोकणातल्या सड्यांवर फुरसे याच दगडांखाली असते. घोट्यापर्यंतचे बूट घाला, आणि दगडाखाली हात घालू नका.

गुरे दिसली तर 'निसर्गाची नासाडी' म्हणून हळहळू नका. मर्यादित चराईने उंच गवत आटोक्यात राहते आणि बुटक्या फुलझाडांना ऊन मिळते. कासला फुलांच्या रक्षणासाठी तारेचे कुंपण घातले होते, ते पुढे काढले गेले. गवत माजल्याने फुले कमी झाली, हे त्यामागचे एक कारण होते. माणसाला थांबवणारे कुंपण गुरांनाही थांबवते, हे तिथे दिसून आले.

जायचे कधी? कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. हंगामात रोजच्या प्रवेशांवर मर्यादा असते, त्यामुळे आधी नोंदणी करा आणि शक्यतो आठवड्यातला दिवस निवडा. पण माझा आग्रह वेगळा आहे. सप्टेंबरमध्ये पाच पठारे पाहण्याऐवजी एकच सडा वर्षातून चार वेळा पाहा. जूनमध्ये कंदांची फुले, दीपकाडी आणि मुसळी. ऑगस्टमध्ये चवर आणि भुईआमरी. सप्टेंबरात रंगांचा कल्लोळ. जानेवारीत पिवळे गवत आणि कोरडे खळगे. जूनमध्ये आणि ऑक्टोबरच्या दुपारी मात्र विजांचे भान ठेवा. सड्यावर सर्वांत उंच वस्तू तुम्हीच असता.

कोकणातल्या सड्यांवर बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कशेळी इथे कातळशिल्पेही पाहायला मिळतात. शिल्प उठून दिसावे म्हणून त्यावर खडू ओढू नका आणि रेषांवर चालू नका. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात रेषा आपोआप दिसतात.

निघताना बुटांचे तळवे घासा. कॉसमॉस, गाजरगवत, रानमोडी यांचे बी चिखलातून एका पठारावरून दुसरीकडे जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये वर मुक्काम असेल तर शेकोटी करूच नका, आणि वणवा दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर ताबडतोब कळवा.